साप गारठलाय, उंदीर कशाला बदलतोस?

‘काकू, नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहतो, वय २४, नोकरी करतो. माझ्याकडे दोन वर्षांचा बॉल पायथन (छोट्या अजगराची जात) आहे, नाव भैरू. दर दहा दिवसांनी एक मोठा पांढरा उंदीर खायचा. दिवाळीनंतर त्याने खाणं सोडलं. ज्याच्याकडून साप घेतला तो म्हणाला, आफ्रिकेचा साप आहे, त्याला आफ्रिकेचाच उंदीर लागतो. म्हणून डिसेंबरात त्याच्याकडून काटेरी उंदीर आणले, एक नर आणि दोन माद्या. विचार असा होता की घरीच पैदास करायची, काही पाळायचे, काही भैरूला घालायचे. पण भैरू यांच्याकडेही बघत नाही. त्याची टाकी हॉलमध्ये खिडकीखाली आहे, खाली हीट पॅड आहे. रात्री आई सगळी बटणं बंद करते तेव्हा तेही बंद होतं, पण मी टाकीवर गोधडी टाकतो.

इकडे आजीला उंदरांचा लळा लागलाय. तिने नावं ठेवली: गोप्या, बकुळा, शेवंती. ती त्यांना शेव आणि शेंगदाणे देते, संक्रांतीला तिळगुळाची वडीही दिली, आवडीने खातात. मागच्या आठवड्यात बकुळेला दोन पिल्लं झाली. आता आजी म्हणते, यातलं एक जरी सापाला घातलंस तर मी अन्न सोडीन. आई म्हणते, साप-उंदीर सगळंच बाहेर काढ. त्यात परवा पिंजरा साफ करताना मी शेवंतीला शेपटीने उचललं, तर शेपटीची सालच हातात आली. ती परत येईल का? पैदास लवकर वाढवायची तर काय करू? आणि मित्रांना लाइव्ह फीडिंगचं रील करायचंय, चालेल का? — भैरूवाला, सुदामानगर.’

बाळा भैरूवाल्या,

तू जे विचारलंस त्याच्यापेक्षा जे जाता जाता लिहून गेलास ते महत्त्वाचं आहे. रात्री आई सगळी बटणं बंद करते. माझ्या मते तुझी सगळी कथा या एका वाक्यातून निघाली आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच.

दिवाळीनंतर आपल्याकडे काय होतं? दिवसा ऊन गोड, आणि रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. मालव्याच्या रात्रींचं, त्या शब-ए-मालवाचं कौतुक माणसांनी केलंय, पायथनला कोणी विचारलेलं नाही. हा प्राणी घाना, टोगो, बेनिन या बाजूचा. त्याला टाकीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश लागतात, म्हणजे तो इकडून तिकडे सरकत स्वतःला हवी ती ऊब घेतो. अंग गार असेल तर पोटातलं पचत नाही, आणि पचणार नसेल तर तो तोंड लावत नाही. तुला तो हट्ट वाटला, मला शहाणपण वाटतं. त्या थंडीत त्याने खाल्लं असतं तर चार दिवसांनी अर्धवट कुजलेला उंदीर ओकला असता आणि तू मला वेगळं पत्र लिहिलं असतंस.

गोधडीचं वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. गोधडी ऊब देत नाही रे, आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते. भैरूच्या अंगात धरून ठेवायला स्वतःची ऊब नसतेच. दगडावर गोधडी घातलीस तर दगड गरम होईल का?

तेव्हा आधी टाकी खिडकीखालून काढ आणि आतल्या भिंतीला लाव. मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून थर्माकोलने झाक. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर आण आणि सेन्सर गरम कोपऱ्यात, भैरू बसतो त्या जागी चिकटव. काचेवर चिकटवायची गोल तबकडी मिळते ती घेऊ नकोस, ती काचेचं तापमान सांगते, सापाचं नाही. आणि हीट पॅडला थर्मोस्टॅट लाव, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ते आपोआप बंद-चालू होईल. आईची भीती अजिबात खोटी नाही: थर्मोस्टॅटशिवायचं पॅड तापतच राहतं, वायर वितळते, सापाचं पोट भाजतं आणि त्याला वेळेवर कळतही नाही. थर्मोस्टॅट लावल्यावर ते आईला नीट दाखव, हात लावून बघू दे. विजेचं म्हणत असेल तर हिशोब सांग, २० वॅटचं पॅड चोवीस तास चाललं तरी दिवसाला अर्धा युनिट. मग त्या एका बटणावर चिकटपट्टी लावून ‘भैरू’ असं लिहून ठेव. तेवढ्याने गरम कोपरा ३१च्या वर जात नसेल तर वरून सिरॅमिक बल्ब लागेल, तोही थर्मोस्टॅटवर आणि जाळीच्या आड, नाहीतर हा त्याला विळखा घालून बसेल.

आठवडाभर तापमान स्थिर राहू दे. मग त्याला जुनाच मेनू दे, पांढरा उंदीर. दीड-पावणेदोन वर्षं पांढरे उंदीर गिळताना त्याला आफ्रिका आठवली नाही, ती नेमकी नोव्हेंबरातच कशी आठवली? एवढा एक प्रश्न दुकानदाराला विचारला असतास तर पैसे वाचले असते. तरीही नाही खाल्लं तर घाबरू नकोस. मोठे बॉल पायथन हिवाळ्यात दोन-तीन महिने उपास करतात, आणि ऊब मिळत असली तर त्यांचं फारसं वजनही उतरत नाही. दर रविवारी वजन कर आणि लिहून ठेव. दहावा हिस्सा वजन गेलं किंवा तोंडाशी फेस-बुडबुडे दिसले तर मात्र डॉक्टर.

आता त्या ‘आफ्रिकेच्या उंदरा’बद्दल. दुकानदार अगदीच हवेत बोलला नाही, त्याने दोन प्राण्यांची गल्लत केली. नखरेल बॉल पायथनला देण्यासाठी जगभर जो आफ्रिकी उंदीर पाळतात तो वेगळा, मऊ केसांचा. त्याचं शास्त्रीय नाव मॅस्टोमिस. त्याची मादी २३ दिवसांत विते आणि एका वेळी दहा-बारा पिल्लं टाकते. तुझ्याकडे आलाय तो काटेरी, म्हणजे अकोमिस. तोही आफ्रिकेचाच, शिवाय अरबस्तानात, सायप्रसमध्ये, क्रीटमध्येही राहतो, पण स्वभावाने आणि कुळाने पार निराळा. नावाला उंदीर असला तरी त्याचं जवळचं नातं आपल्या घरातल्या उंदराशी नाही, जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदराशी आहे.

आणि सापाचं खाद्य म्हणून तो किती परवडतो ते बघ. अकोमिसचा गर्भकाळ ३८ ते ४२ दिवसांचा. पांढऱ्या उंदराचा १९ ते २१. एका वेळी पिल्लं दोन किंवा तीन, क्वचित चार. पांढरी मादी सहजपणे आठ-दहा टाकते. म्हणजे बकुळेने वर्षभर एक दिवस उसंत न घेता विणं चालू ठेवलं तरी नऊ वेळा, आणि सरासरी अडीच धरली तर बावीस-तेवीस पिल्लं. भैरू दर दहा दिवसांनी एक खातो, वर्षाला छत्तीस. बकुळा जन्मभर बाळंतपणं काढून त्याला पुरी पडत नाही! त्यातून पिल्लू सापाच्या जेवणाएवढं व्हायला दोन-तीन महिने तू त्याला बाजरी खायला घालायचीस. त्यापेक्षा बाजारात मिळणारे फ्रोजन पांढरे उंदीर स्वस्त. ‘पैदास लवकर वाढवायची तर काय करू’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे, काहीही केलंस तरी वाढणार नाही, हा प्राणी घाईचा नाहीच.

तो घाईचा का नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ते सांगते. काही वर्षांपूर्वी मुलीकडे जर्मनीला गेले होते. तिकडे लोक हे उंदीर हौसेने पाळतात, श्टाखेलमाउस म्हणतात. मुलीच्या शेजारणीकडे तीन फुटी काचेच्या टाकीत विटा, कौलांचे तुकडे रचून सहा-सात ठेवले होते. एका संध्याकाळी तिने आम्हाला हाक मारली. एक मादी मागच्या पायांवर अर्धवट उभी राहून वीत होती, आणि दुसरी, तिची बहीण असावी, अगदी अंगाला अंग लावून बसली होती. पिल्लू बाहेर येताच त्या दुसरीनेच ते चाटायला घेतलं, नाळ कुरतडली, आई अजून कळा देत होती. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी मावशी बसते ना, तसंच. पिल्लू गुलाबी-बोडकं नव्हतं. करडे केस, कान उघडलेले, मिशा आलेल्या, डोळे किलकिले. तासाभरात ते धडपडत विटेच्या सावलीत जाऊन बसलं. पाच-सहा ग्रॅमचं असेल, म्हणजे आईच्या वजनाचा आठवा हिस्सा. एकेक पिल्लू एवढं तयार करून बाहेर पाठवायचं तर चाळीस दिवस लागणारच, आणि दोनाहून जास्त मावणार कुठे? छोट्या सापांना जे गुलाबी पिल्लू लागतं, ज्याला तुम्ही मंडळी पिंकी म्हणता, ते या उंदरात जन्मालाच येत नाही.

तेव्हा माझा कौल आजीच्या बाजूने आहे. पण तिच्या नावांमुळे किंवा धमकीमुळे नाही, बरं का. नावं ठेवलेल्या कोंबड्याही लोक खातात. हिशोब तुझ्या बाजूने असता तर मी तुला आजीची समजूत कशी घालायची ते सांगितलं असतं. हा प्राणी बघण्याचा आहे, भरवण्याचा नाही.

बघण्याचा म्हटलं, हाताळण्याचाही नाही. शेवंतीची शेपटी परत येणार नाही. पालीचं ऐकून आपल्याला वाटतं की गळालेली शेपटी उगवते. इथे तसं नाही. शेपटीची साल सरकून हातात राहते आणि उंदीर पळतो. उरलेलं हाड-मांस वाळून आपोआप गळतं किंवा ती स्वतः कुरतडून टाकते. आठवडाभर तिच्या टाकीतली वाळू काढून साधा पांढरा कागद अंथर, म्हणजे जखमेत रेती जाणार नाही आणि रक्त आलं तर दिसेल. सलाइनच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने दिवसातून एकदा टिपलंस तरी पुष्कळ. आजी हळद लावायला निघाली असेल तर थांबव, चाटून पोटात घालील. भोवतीचा भाग सुजला, वास आला, किंवा बाकीचे दोघे जखम चावायला लागले तर वाट बघू नकोस. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला फोन कर, छोट्या प्राण्यांचं कोण बघतं ते विचार.

मी तुला बोल लावत नाही. बीएस्सीला असताना मीही प्रयोगशाळेत एका जर्बिलला, शेतातल्या आपल्या देशी जर्बिलला, शेपटीने धरलं होतं. अंगठा आणि तर्जनीत केसांचा झुबका असलेली एक रिकामी नळी उरली, मोज्यासारखी उलटलेली. शेजारच्या बाकावरची मुलगी रडायला लागली आणि मी ती नळी टाकायला जागा शोधत उभी राहिले. चाळीस वर्षं झाली, अजून बोटांना ते आठवतं.

शेपटीचंच नव्हे, या उंदराचं सगळं कातडंच कच्चं असतं. घट्ट धरलंस तर पाठीची साल फाटून हातात येईल, धरणाऱ्याच्या तावडीतून सुटण्याची त्याची युक्ती ती. पण गंमत पुढे आहे. २०१२ साली ‘नेचर’मध्ये केनियातल्या काटेरी उंदरांवरचा अभ्यास आला. त्यात असं दिसलं की यांची कातडी साध्या उंदराच्या कातडीपेक्षा वीसपट नाजूक आहे, आणि फाटल्यावर ती व्रण न उरता भरून येते, केसांच्या मुळांसकट. कानाला चार मिलिमीटरचं भोक पाडलं तर तेही बुजतं, आतल्या कूर्चेसह. सस्तन प्राण्यात हे जवळपास ऐकिवात नव्हतं. म्हणून आता जगभरच्या प्रयोगशाळा याच्यामागे लागल्यात. २०१७ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की याच्या माद्यांना पाळी येते, साधारण नऊ दिवसांच्या चक्राने. उंदरांच्या जातीत असं आधी कोणी पाहिलं नव्हतं. आजीला हे सांग, आवडेल तिला. मात्र कातडी भरून येते म्हणून ती फाटली तर चालते, असा अर्थ काढू नकोस. दुखायचं ते दुखतंच.

हलवायचं असेल तर मोठ्या तोंडाचा रिकामा डबा आडवा धर, आत दोन दाणे ठेव, स्वतःहून येईल. मग तोंडावर हात ठेवून उचल. नाहीतर टाकीतच दोन्ही तळव्यांची ओंजळ करून बस. धीर धरलास तर महिनाभरात गोप्या ओंजळीत येऊन दाणा खाईल. ते काटे हाताला टोचत नाहीत, पाठीवर उलटा हात फिरला तर ताठ कुंच्यासारखे लागतात, एवढंच.

आता आजीशी बोलायची गोष्ट, आणि ती तूच बोल, माझं नाव सांग हवं तर. शेव बंद. शेंगदाणे बंद. तिळगूळ तर मुळीच नाही. हे उंदीर खडकाळ, वैराण मुलखातले, जिथे गवताचं बी, एखादा किडा, गोगलगाय, पडलेलं खजुराचं फळ एवढ्यावर दिवस काढायचे. शरीर जे मिळेल ते साठवायला शिकलेलं. अशाला आपण तेल आणि साखर दिली की काय होतं ते १९६०च्या दशकात जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत दिसलं. तिथे ठेवलेले अकोमिस भरपूर दाण्यांवर लठ्ठ झाले आणि त्यातल्या काहींना मधुमेह झाला. म्हणजे तुझ्या आजीला जे डॉक्टरांनी सांगितलं असेल तेच पथ्य बकुळेला. आजीला स्वतःला साखर असेल तर हे एका झटक्यात पटेल, नसेल तर दोन झटके लागतील.

मग द्यायचं काय? बाजरी, ज्वारी, राळे, वरई यांचं मिश्रण, डोंगळ्याच्या वारुळासमोर टाकतो तेवढंच, प्रत्येकी छोटा चमचाभर. सूर्यफुलाचं बी आठवड्यातून दोनदा, एकेक, हातातून. काकडीची चकती, गाजराचा तुकडा, मेथीची दोन पानं. आठवड्यातून दोन-तीन मीलवर्म (खाद्य म्हणून विकत मिळणाऱ्या अळ्या) किंवा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा नखाएवढा तुकडा. अंडं घरात चालत नसेल तर मीलवर्म पुरे, आणि ते तुझ्या खोलीत ठेव. बकुळेला दूध पाजायचंय तोवर तिला थोडं जास्त. आजीच्या हाताला सवय लागलीय ना देण्याची, तर तिच्याजवळ राळ्यांचं वेगळं डबडं देऊन ठेव. देणाऱ्याचा आनंद देण्यात असतो, शेवेत नाही. उंदीर जास्त पाणी प्यायला लागला, अंथरूण सारखं ओलं दिसू लागलं, तर साखरेची शंका घे. एरवी हे प्राणी वाळवंटी म्हणून लघवी फार थोडी आणि दाट करतात, वासही साध्या उंदरांच्या मानाने नगण्य. आईला पटवायला हा मुद्दा कामाचा आहे.

टाकी काचेची घे, किमान तीन फुटी. तू पिंजरा लिहिलायस म्हणून सांगते, प्लॅस्टिकची कड ते एका रात्रीत कुरतडतील, आणि पिल्लं अवघ्या काही दिवसांत इतकी चपळ होतात की बोट जाईल एवढ्या फटीतून निघून जातील. झाकणाला बारीक लोखंडी जाळी. खाली वाळू आणि कागदाच्या पट्ट्या, देवदार-चीडचा भुसा नको, त्याच्या वासाने श्वास बिघडतो. लपायला कौलांचे तुकडे आणि मातीचे कुल्हड. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात रबडी खाऊन फेकतोस ते चार घरी आण, नीट उकळून आडवे ठेव, याहून चांगलं बीळ विकत मिळणार नाही. एक मात्र विसरू नकोस: विटा-कौलं आधी काचेवर टेकव, वाळू नंतर घाल. वाळूवर ठेवलीस तर ते खालून उकरतील आणि वीट अंगावर बसेल. पळायचं चाक द्यायचं तर भरीव, गजांचं नको, शेवंतीची एक शेपटी गेली तेवढी पुरे. त्यांनाही ऊब लागते, २४-२५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नकोस. आणि मे महिन्यात वाळवंटातले म्हणून उन्हाच्या झळांत ठेवू नकोस, तिकडे ते दिवसा खडकांच्या फटीत असतात. कूलरच्या थेट झोतात तर नकोच, ओल त्यांना सोसत नाही.

टाकी भैरूच्या खोलीत नको, हे राहिलंच होतं. चोवीस तास सापाचा वास घेत राहणं म्हणजे त्या तिघांना दारात वाघ बसल्यासारखं. आणि भैरूच्या नाकाला सारखा उंदराचा वास आला तर तुझ्या हातालाही तो उंदीर समजेल.

गोप्याचं काय करायचं ते लगेच ठरव. या माद्या व्यायल्यावर लगोलग पुन्हा गाभण राहतात, बकुळा बहुधा राहिलीच असेल. पिल्लं वाढवायची नसतील तर त्याला आजच वेगळा कर, आणि बकुळेच्या दोघांत नर निघाला तर दूध तुटल्यावर, तीनेक आठवड्यांनी, त्याला गोप्याच्या सोबतीला दे. एकटा उंदीर झुरतो. बाहेरून आणलेला मोठा उंदीर मात्र कोणाच्यात सोडू नकोस, माद्याच त्याला फाडतील. घरात सत्ता त्यांचीच असते. आपल्याकडेही फार वेगळं नाही.

रील. नाही चालणार. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम वाच, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याच्या भक्ष्यस्थानी कोंडणं गुन्हा आहे, आणि तू तर त्याचा पुरावा स्वतःच चित्रित करून जगाला वाटणार. शिवाय भैरूचं नुकसान वेगळंच. भूक नसलेल्या सापाच्या टाकीत जिवंत उंदीर राहिला तर तो सापाला कुरतडतो, पाठीची हाडं दिसेपर्यंत कुरतडलेले साप असतात. फ्रोजन उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू दे, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेव, अंगाला आपल्या तापाएवढा लागला की लांब चिमट्याने दे, अंधार पडल्यावर. आईच्या श्रीखंडाशेजारी तो फ्रीजरमध्ये ठेवू नकोस, जंतूंचंही भय आहे आणि आईचंही. जुना छोटा फ्रीज मिळतो, तो तुझ्या खोलीत घे. आणि गल्लीतला पकडलेला उंदीर कधीही नको, त्याने आधी कोणाच्या घरचं औषध खाल्लंय तुला काय ठाऊक.

कागदांचं पत्रात काहीच नाहीये, म्हणून विचारते. भैरूची नोंद केलीस का? बॉल पायथन सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तिच्यामुळे असे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले, आणि २०२४च्या नियमांप्रमाणे ते ज्याच्या ताब्यात आहेत त्याने सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंद करायची असते, प्राणी हाती आल्यापासून ३० दिवसांत. उशीर झाला असेल तर आधी वनविभागाच्या कचेरीत जाऊन खरं ते सांग. उंदरांचं बिल दुकानदाराकडून लेखी घे. तो देत नसेल तर त्याच्याकडून पुन्हा काही घेऊ नकोस. आणि आईच्या आग्रहाखातर यांना कॉलनीमागच्या माळावर सोडून येऊ नकोस. एक तर ते आपल्याकडचे नाहीत. आपल्याकडे शेताबांधांवर चपट्या काटेरी केसांचे छोटे उंदीर असतात, पण ते वेगळे, घरच्या उंदराच्या कुळातले. बकुळेची त्यांच्याशी काही ओळख नाही, आणि पहिल्याच रात्री एखादं घुबड तिला नेईल. ज्या भवितव्यातून आजीने तिला सोडवलं तेच, फक्त साप सोडून दुसऱ्या तोंडात.

आईशी मी भांडणार नाही. हॉलमध्ये साप, स्वयंपाकघरात उंदीर आणि वर गोधड्यांना वास, तिचं चुकलं काय? दोन्ही टाक्या तुझ्या आणि आजीच्या खोलीत गेल्या, भैरूचं पॅड थर्मोस्टॅटवर आलं आणि गोधडी धुऊन कपाटात गेली की ती निम्मी शांत होईल. उरलेलं निम्मं तू साफसफाईत दाखव.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी भैरूचं वजन आणि गरम कोपऱ्याचं रात्री बाराचं तापमान, एवढे दोन आकडे मला कळव. आणि शेवंतीचं वजनही, तिळगुळानंतरचं.

— काकू